नेमबाजांचे कान

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



समितीने आम्हा काही जणांना सांगितलं होतं, की आपापल्या कामातलं, दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असं काहीतरी पंधरा मिनिटांत सांगायचं. मी कोल्हापुरात कान-नाक-घशाची डॉक्टर आहे हे कळल्यावर सकाळपासून चौघांनी मला बाजूला घेऊन आपापले कान दाखवले आहेत. त्यामुळे मी वयानुसार कमी होणाऱ्या ऐकण्यावर बोलेन, अशी तुमची अपेक्षा असणार. तो विषय चहाच्या वेळी. आत्ता मी बोलणार आहे ते बंदुकीच्या आवाजापासून कान कसे वाचवायचे, त्यासाठी काय घ्यायचं आणि ते कसं वापरायचं, यावर.

हा विषय मेळाव्यात कशाला, असं काहींना वाटेल. पण आपल्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वर्षभरात कितीदा तरी प्रश्न आला आहे, "मुलीला शूटिंगला घातलंय, कानाला काय घेऊ?" आपल्या भागात हे होणारच. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं, आणि २०२४ मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेतलं. आता गावोगावची मुलं रेंजवर जायला लागली आहेत. शिवाय आपल्यातले काही जण सैन्यात आणि पोलिसांत होते, काहींच्या घरी शेतीच्या राखणीसाठी परवान्याची बारा बोअर आहे. आणि आपल्या शाळेचा एनसीसीचा ट्रूप आजही चालू आहे. त्या मुलांबद्दल समितीपुढे एक मागणी ठेवायची आहे, ती शेवटी सांगते.

आधी आवाज किती मोठा असतो ते पाहू. आवाज डेसिबलमध्ये मोजतात, पण ही पट्टी आपल्या फूटपट्टीसारखी सरळ नाही. दहा डेसिबल वाढले की आवाजातली ऊर्जा दहापट होते, वीस वाढले की शंभरपट. आपलं साधं बोलणं साधारण ६० डेसिबलचं. कारखान्यासारख्या सतत चालणाऱ्या आवाजासाठी दिवसाला आठ तास ८५ डेसिबल ही सुरक्षित मर्यादा धरतात, आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करतात, म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास. अचानक होणाऱ्या धमाक्यासाठी मात्र तासांचा हिशेब चालत नाही. तिथे १४० डेसिबल ही रेषा मानतात. उघड्या कानाने तेवढा धमाका एकदाही ऐकू नये.

आपल्याकडे दिवाळीच्या फटाक्यांना कायद्याने मर्यादा आहे. फटाका फुटतो तिथून चार मीटरवर मोजलेला धमाका १४५ डेसिबलच्या वर जाता कामा नये. चार मीटर म्हणजे इथून त्या खिडकीपर्यंत. बंदूक आपण एका हाताच्या अंतरावरून उडवतो. एनसीसीत आणि ५० मीटरच्या स्पर्धेत वापरतात त्या पॉइंट टू-टू रायफलचा आवाज १४० च्या आसपास असतो. त्याच काडतुसाचं पिस्तूल जास्त वाजतं, कारण नळी आखूड असते आणि तिचं तोंड कानाजवळ येतं. ९ मिलिमीटरचं पिस्तूल १५५ ते १६० पर्यंत जातं, आणि सैन्यातल्या मोठ्या रायफली त्याच्याही पुढे. बंदिस्त रेंजवर भिंती आणि छत तोच आवाज परत आपल्याकडे पाठवतात, आणि शेजारच्या लेनमधल्याची गोळी आपल्या कानालाही तेवढीच लागते.

डोळ्यासमोर काही आलं की पापणी मिटते. कानालाही एक अशी सोय आहे. मोठा आवाज आला की मध्यकर्णातला एक बारीक स्नायू आखडतो आणि आत जाणारा आवाज थोडा कमी करतो. पण त्याला काही शतांश सेकंद लागतात. गोळीचा धमाका त्याच्या आधीच आत पोचलेला असतो. आत, गोगलगाईच्या शंखासारख्या अंतर्कर्णात, आपल्या प्रत्येक कानात जन्मतः साधारण पंधरा हजार केसपेशी असतात. धमाक्याने त्या मोडतात. कातडी भरून येते, हाड जुळतं, पण माणसाच्या कानातली केसपेशी एकदा गेली की परत उगवत नाही. आज तरी तिला औषध नाही आणि ऑपरेशनही नाही. कानाचं यंत्र आवाज मोठा करून देतं, गेलेल्या पेशी परत देत नाही.

हे नुकसान लक्षातही लवकर येत नाही. ते सुरू होतं ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे उंच पट्टीच्या बारीक आवाजांपासून. स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं त्या बाजूला असतात. स्वर खालच्या पट्टीत असल्यामुळे ते ऐकू येत राहतात. मग समोरच्याने 'साठ' म्हटलं की आपल्याला 'आठ' ऐकू येतं. माणूस तक्रार करतो, की हल्लीची मुलं तोंडातल्या तोंडात बोलतात. उजव्या खांद्यावर रायफल लावणाऱ्याचा डावा कान जास्त जातो, कारण उजवा कान खांद्याकडे झुकून डोक्याच्या आडोशाला असतो आणि डावा नळीच्या तोंडाकडे वळलेला असतो. कानाचा आलेख पाहून पुष्कळदा मी विचारते, "सैन्यात होतात का?"

आपल्या वर्गातला एक मित्र सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाला. त्याला विचारून हे सांगते आहे. त्याच्या डाव्या कानात चोवीस तास एक शिट्टी वाजत असते. दिवसा कामात ती विसरायला होते, रात्री झोपेच्या वेळी होत नाही. नात फोनवर बोलते तेव्हा तिचा आवाज त्याला येतो, शब्द कळत नाहीत. मुलांचा आवाजच बारीक. दोन-तीनदा 'काय?' म्हटल्यावर तिला कंटाळा येतो, म्हणून हल्ली तो फोन सरळ वहिनींकडे देतो. आज दुपारच्या पंगतीत तो भिंतीकडे डावा कान करून का बसला होता, हे आता तुमच्या लक्षात येईल. त्याच्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत कापसाचे बोळे घालायची पद्धत होती. कापूस हा आवाज जवळपास अडवतच नाही. बोळा घातल्याचं समाधान तेवढं मिळतं.

आता काय घ्यायचं ते सांगते. मुख्य प्रकार दोन, कानाच्या आत घालायचा प्लग आणि कानावर बसवायचा मफ.

प्लगमध्ये सगळ्यात स्वस्त आणि नीट घातला तर सगळ्यात परिणामकारक म्हणजे मऊ फोमचा. एक जोडी वडापावच्या किमतीत येते. पण तो घालायची रीत आहे. हात स्वच्छ धुवायचे. प्लग बोटांमध्ये वळून वातीसारखा बारीक करायचा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, म्हणजे कानाची वाकडी नळी सरळ होते. मग प्लग आत सारून वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायचा, तो फुगून नळी भरेपर्यंत. नीट बसलाय का हे पाहायला, आवाज चालू असताना दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबून सोडायचे. फारसा फरक जाणवला नाही तर प्लग बरोबर बसला आहे. आवाज एकदम कमी झाला, तर प्लग काढून पुन्हा घाला. समोरून पाहिल्यावर प्लग कानाबाहेर डोकावत असेल, तर तो कानात कमी आणि बाहेरच जास्त आहे असं समजा.

झाडाच्या आकाराचे, रबरी थरांचे तयार प्लग धुऊन पुन्हा वापरता येतात, पण प्रत्येकाच्या कानाला बसतातच असं नाही. कानाचा साचा घेऊन बनवलेले प्लग आरामदायी असतात, म्हणून रोज सराव करणाऱ्या मोठ्या खेळाडूला ते परवडतात. नीट घातलेल्या फोमपेक्षा ते जास्त आवाज अडवतात असं मात्र नाही. आणि वाढत्या मुलांसाठी ते करूच नका, वर्ष-दोन वर्षांत कान मोठा होतो आणि साचा सैल पडतो. ज्याचा कान वाहतो किंवा पडद्याला भोक आहे, त्याने कानात काहीच घालू नये. त्याच्यासाठी मफच.

मफ घालायला सोपा, आणि लांबूनही दिसतो, त्यामुळे कोणी घातला आहे नि कोणी नाही हे प्रशिक्षकाला एका नजरेत कळतं. पण तो तेव्हाच काम करतो, जेव्हा त्याची गादी कानाभोवती सगळीकडून चिकटून बसते. चष्म्याची जाड काडी, कानावरची वेणी, मोठे डूल, टोपीची कड, यातल्या कशानेही फट पडते आणि त्या फटीतून आवाज आत येतो. चष्मा लागतच असेल तर बारीक काडीचा घ्या. ज्यांना पगडी असते, त्यांना प्लगच बरा. रायफल गालाला लावताना जाड मफ दस्त्यावर आपटून सरकतो, म्हणून रायफलवाल्याने पातळ वाट्यांचा मफ घ्यावा. गाद्यांना घामाने चिरा पडतात, तेव्हा त्या बदलायच्या. आठ वर्षांपूर्वीचा, कडक झालेला मफ हा शोभेचाच.

आता पाकिटावरच्या आकड्याबद्दल. बहुतेक पाकिटांवर एनआरआर म्हणून एक आकडा असतो, अमेरिकन पद्धतीचा. युरोपातल्या मालावर एसएनआर असतो. दोन्हींची मोजण्याची रीत वेगळी आणि एसएनआरचा आकडा सहसा मोठा दिसतो, म्हणून एकाचा एनआरआर आणि दुसऱ्याचा एसएनआर अशी तुलना करू नका. दुसरं म्हणजे हा आकडा प्रयोगशाळेतला, तज्ज्ञांनी नीट बसवून काढलेला. प्रत्यक्षात तेवढा मिळत नाही. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने एक ढोबळ नियम दिला होता, की मफचा आकडा पाव भागाने कमी धरा, फोमच्या प्लगचा निम्मा धरा, आणि इतर प्लगचा तर तीस टक्केच धरा. त्या हिशेबाने २४ चा मफ प्रत्यक्षात १८ देतो आणि ३२ चा फोम प्लग १६. दुकानात ३२ चा आकडा बघून आपण तो भारी समजतो, आणि वापरात दोघं जवळपास सारखेच निघतात. फोम प्लगचा उरलेला निम्मा आकडा मिळवायचा असेल तर जास्त पैसे देऊन उपयोग नाही, घालायची रीत शिकावी लागते.

बसण्याला किती महत्त्व आहे याचं एक मोठं उदाहरण जगासमोर आहे. अमेरिकन सैनिकांना काही वर्षं दोन टोकांचा एक खास प्लग दिला जात होता. पुढे दोन लाखांहून जास्त सैनिक आणि माजी सैनिकांनी थ्री-एम कंपनीवर दावे केले. आरोप असा होता, की प्लग आखूड असल्यामुळे तो काही कानांत नीट बसायचा नाही आणि घालणाऱ्याच्या नकळत सैल व्हायचा. कंपनीने दोष कबूल केला नाही, पण २०२३ मध्ये सुमारे ६ अब्ज डॉलर देण्याची तडजोड केली. वस्तू नामवंत होती, आकडा छापलेला होता, तरी वाद शेवटी कानात बसण्यावरच आला.

ज्यांना मोठ्या काडतुसाच्या बंदुका चालवायच्या आहेत, किंवा जे बंदिस्त रेंजवर जातात, त्यांनी आत प्लग आणि वर मफ असं दोन्ही घालावं. इथे बेरीज करायचा मोह होतो. ३२ आणि २४ मिळून ५६ होत नाहीत. मोठ्या आकड्यात फक्त पाच मिळवायचे, म्हणजे ३७. पण वरचे हे पाच डेसिबलही मोलाचे असतात, आणि दोनपैकी एक सैल पडलं तर दुसरं असतंच.

इलेक्ट्रॉनिक मफबद्दल बरेच जण विचारतात. त्यात बाहेर मायक्रोफोन असतो. बोलणं, हुकूम आत ऐकू येतात आणि धमाका झाला की आवाज आतल्या आत रोखला जातो. बॅटरी संपली तरी तो साध्या मफसारखं काम करतोच. प्रशिक्षक, रेंज सांभाळणारे आणि ज्यांना आधीच कमी ऐकू येतं, त्यांना तो फार सोयीचा, कारण हुकूम ऐकण्यासाठी मफ उचलावा लागत नाही. पण मुलांना स्पर्धेसाठी घेणार असाल तर थांबा. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार आवाज पकडणारं उपकरण असलेले मफ खेळाडूला स्पर्धेत चालत नाहीत. आणि गाणी ऐकायचे, विमानातला घोंगाट कमी करणारे हेडफोन हे कानाचं संरक्षण नव्हे. ते सतत चालणारी खालच्या पट्टीची घरघर कमी करतात, गोळीपुढे त्यांचं काही चालत नाही.

तर कोणी काय घ्यावं? दहा मीटरच्या हवेच्या बंदुकीवर शिकणाऱ्या मुलाला साधा मऊ प्लग किंवा हलका मफ पुरे. हवेच्या बंदुकीचा आवाज काडतुसापेक्षा पुष्कळच कमी असतो. पण तिथेच सवय लावा, म्हणजे पुढे काडतुसाच्या बंदुकीवर गेल्यावर सांगावं लागत नाही. पॉइंट टू-टू साठी नीट बसलेला फोम प्लग किंवा चांगला मफ. पिस्तूल, मोठी रायफल, बारा बोअर किंवा बंदिस्त रेंज असेल तर दोन्ही. लहान मुलांच्या कानाची नळी बारीक असते, मोठ्यांचा फोम आत जातच नाही, म्हणून त्यांना छोट्या मापाचे प्लग किंवा लहान डोक्याचा मफ घ्या. सोबत गेलेल्या आईवडिलांनीही घालायचा. बाकावर बसलेल्याचा कान काही वेगळा नसतो.

रेंजच्या दारातून आत जाण्यापूर्वी मफ घाला, आणि बाहेर आल्यावरच काढा. मधेच 'जरा ऐकू दे' म्हणून एका बाजूने उचलू नका, नेमकी तेव्हाच शेजारची गोळी सुटते. घरी आल्यावर कानात दडे बसल्यासारखं झालं किंवा शिट्टी वाजू लागली, तर ती धोक्याची घंटा आहे. एका दिवसात बरं वाटलं तरी पुढच्या वेळी संरक्षण वाढवा. आणि एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं, तर 'बघू आठवडाभर' म्हणू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जा. सुरुवातीच्या दिवसांतच औषधाने काही वाचण्याची शक्यता असते.

आता समितीपुढची मागणी. आपल्या वेळी फायरिंगला गेलो तेव्हा आडवं पडून पाच गोळ्या झाडणाऱ्याच्या कानाला काही नसायचं, कारण दोन्ही हात रायफलीवर. मागे रांगेत थांबलेले कानात बोटं घालायचे. यात सरांचा किंवा उस्तादांचा दोष नव्हता, त्यांच्याही कानाला काही नसायचं. सर समोरच बसले आहेत. मघाशी मी त्यांना नमस्कार केला तेव्हा त्यांनी उजवा कान पुढे केला.

या मेळाव्याची शिल्लक रक्कम शाळेला द्यायची आहे, आणि काय द्यायचं यावर ग्रुपवर बरीच चर्चा झाली. माझं म्हणणं, त्यातून वीस मफ घ्यावेत, त्यातले निम्मे छोट्या मापाचे, आणि फोम प्लगची दोन मोठी खोकी. झाडणारी मुलं, पुढच्या फेरीला थांबलेली मुलं, सर आणि उस्ताद, सगळ्यांना पुरतील. हॉलच्या रंगकामाच्या मानाने खर्च अगदी थोडा आहे. फायरिंगच्या वेळी ते वापरायला बटालियनची परवानगी आताचे एनसीसीचे सर घेणार आहेत, माझं त्यांच्याशी बोलणं झालं आहे. प्लग कसा घालायचा हे शिकवायला मी दर वर्षी फायरिंगच्या आधी येईन, आणि ट्रूपमधल्या प्रत्येक मुलामुलीच्या ऐकण्याची तपासणी माझ्या दवाखान्यात मोफत करून देईन. पहिला आलेख हाताशी असला की पुढे काही बिघडलं तर वेळेत कळतं.

आपल्या सुभेदार मित्राने यातल्या पाच मफचे पैसे आजच माझ्याकडे दिले आहेत. उरले पंधरा. चहाच्या वेळी मी कानाबद्दलचे प्रश्न घ्यायला बसणारच आहे, वही तिथेच ठेवते.